ब्लीच केलेल्या केसांवर तपकिरी रंगासाठी मेंदी आणि इंडिगो

ब्लीच केलेल्या केसांवर नुसत्या मेंदीने तपकिरी रंग येईल का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य केसांतील केराटिन या प्रथिनाला चिकटते आणि मूळचा रंग निघून गेलेल्या, सच्छिद्र झालेल्या केसांवर ते भडक नारिंगी दिसते. उलट नुसती इंडिगो, म्हणजे निळीच्या पानांची पूड, लावल्यास हिरवट झाक येण्याचा धोका असतो. तपकिरी छटा दोन्हींच्या मिश्रणातूनच मिळते. मेंदी काही तास भिजवून ठेवावी, इंडिगो मात्र लावण्याच्या थोडेच आधी कोमट पाण्यात कालवून मेंदीत मिसळावी, कारण भिजवल्यावर तिचा प्रभाव लवकर ओसरतो. दोन भाग मेंदीला एक भाग इंडिगो घेतल्यास साधारणपणे तांबूस तपकिरी छटा येते, पण ब्लीच किती झाले आहे यावर बरेच अवलंबून असल्याने आधी एका बटेवर लावून पाहावे आणि रंग 2 ते 3 दिवस गडद होत जातो हे लक्षात घेऊनच प्रमाण ठरवावे. तपकिरी रंगासाठी चहा-कॉफी वापरल्यास तो रंग टिकत नाही. कळकळीची विनंती एवढीच की, घटक न लिहिलेली ‘काळी मेंदी’ कृपया वापरू नये. तिच्यात तीव्र ॲलर्जी करणारे पीपीडी (पॅरा-फेनिलीनडायअमाइन) हे रसायन असू शकते.