विषय: ट्रेलरचे दिवे – चतुर्दशीच्या आत उत्तर हवं

प्रेषक: कारेलीबाग

मंडळी, टो बार (ट्रेलर अडकवायचा, टोकाला गोळा असलेला दांडा) बसला. हो, माझ्याच गाडीला. तो विषय मिटिंगमध्ये झालाय, पुन्हा नको. दिव्यांनी मात्र डोकं उठवलंय. डावा इंडिकेटर दिला की पार्किंग लाइट त्याच्या तालावर मिणमिणतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर जवळजवळ विझतो. गाडीचे स्वतःचे दिवे ठणठणीत. वायरमन म्हणतो, ‘चाली जशे.’ रात्री गणपती आणि जनरेटर घेऊन विसर्जनाला नवलखीला मला जायचंय, त्याला नाही. कोणी सांगेल का?

प्रेषक: रावपुरा

रंग बघा आधी. सात पिनांच्या सॉकेटात 1 पिवळी डावा इंडिकेटर, 4 हिरवी उजवा, 5 तपकिरी आणि 7 काळी पार्किंग, 6 लाल ब्रेक, 3 पांढरी अर्थ, म्हणजे करंटची परतीची वाट. आमच्या वायरमनने एकदा घरातल्या फिटिंगच्या सवयीने हिरवीच अर्थला जोडली होती. उजवीकडे वळायला निघालो की फ्यूज! आठवडाभर मी फक्त डावीकडे वळत घरी आलो.

प्रेषक: मकरपुरा

डावीकडे वळत घरी?? म्हणून त्या वर्षी ढोल दोन तास उशिरा आले होय.

प्रेषक: कारेलीबाग

काका, रंग बरोबर आहेत. पण 3 नंबरची पिन रिकामी आहे. टो बारच्या गोळ्यातून अर्थ मिळते, असं वायरमन म्हणतो.

प्रेषक: प्रतापनगर

अहो, मग हेच ते! ब्रेक आणि पार्किंग एकाच बल्बमध्ये असतात, 21 आणि 5 वॉटच्या दोन तारा, अर्थ एकच. परतीची वाट तुटली की करंट दुसऱ्या दिव्याच्या तारेतून उलटा शिरून वाट शोधतो. म्हणून इंडिकेटरबरोबर पार्किंग मिणमिणतो. शंका असेल तर जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं ट्रेलरच्या उघड्या लोखंडाला लावा. दिवे ताळ्यावर आले तर 3 नंबरला पांढरी वायर ओढायची. बाकीच्यांपेक्षा जाड घ्या. सगळे दिवे एकदम लागले की 70-75 वॉट, म्हणजे 12 व्होल्टवर सहा अँपियर एकट्या त्या वायरीतून परत जातात. टोकाला रंग खरवडून रिंग टर्मिनल बसवा. नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका, खड्ड्यांत निघतो.

प्रेषक: मांजलपूर

नाना, रेल्वेत तुम्ही जन्मभर रुळांतूनच करंट परत नेलात. मग बिचाऱ्या गोळ्याने काय घोडं मारलंय?

प्रेषक: प्रतापनगर

रूळ नुसते जोडून भागत नाही म्हणूनच सांध्यावर बाँड, म्हणजे करंटसाठी वेगळा जोड, लावतात. सांध्याला ग्रीस लावलं तरी करंट बाँडमधून जातो. तुमचा गोळा वर्षभर गंजतो, मग त्यावर कोणीतरी अर्धा डबा ग्रीस थापतो. ट्रेलर खड्ड्यात उडाला की क्षणभर संपर्क, पुन्हा नाही.

प्रेषक: दांडिया बाजार (खजिनदार)

‘कोणीतरी’ म्हणजे मी. ग्रीस गोळा झिजू नये म्हणून लावलं आणि यापुढेही लावणार. वायरीचं बिल पक्कं आणा. गेल्या वर्षी ‘किरकोळ सामान’ लिहून आलेल्या चिठ्ठीवर हिशेबनीसांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं.

प्रेषक: अलकापुरी

एलईडी का लावत नाही? करंटच कमी लागतो.

प्रेषक: प्रतापनगर

वहिनी, करंट कमी लागेल. वाट कुठून आणणार?

प्रेषक: रावपुरा

मुळात टो बार लावायच्या आधी टेम्पो भाड्याने घ्या असं मी म्हटलं होतं. लेखी आहे.

प्रेषक: कारेलीबाग

जम्पर केबल लावली, दिवे लगेच शहाण्यासारखे लागले. संध्याकाळी अडीच एमएमची पांढरी वायर ओढली. वायरमनने रंग न खरवडताच बोल्ट मारला होता. पुन्हा काढायला लावला, तर तोंड वाकडं करून का होईना, काढला. आता डावा, उजवा, ब्रेक सगळं वेगवेगळं. गोळ्याला ग्रीस आहे, खजिनदारसाहेब. बिलही आहे.

आता ट्रेलरच्या कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे आहे? माझ्याकडची त्या कुलपाला लागत नाही.

प्रेषक: मकरपुरा

ती नानांकडे.

प्रेषक: प्रतापनगर

माझ्याकडे ढोलाच्या खोलीची आहे.