फेंटननंतर रंग गेला, पण सीओडी वाढला. असं का?

ईटीपी_इचलकरंजी: रिअ‍ॅक्टिव्ह डाईंगचं सांडपाणी, सीओडी (घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला 800 मिग्रॅम, पीएच 10.5. जारमध्ये फेंटन केलं (हिराकस म्हणजे फेरस सल्फेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून घाण जाळणं). दहा मिनिटांत रंग उडाला, पण सीओडी 950 आला. चुना टाकल्यावर गाळ खाली न बसता वर तरंगतो. डोस चुकतोय का?

जारटेस्ट: तरंगणाऱ्या गाळातच उत्तर आहे. उरलेला पेरॉक्साइड फुटून ऑक्सिजन सुटतो आणि बुडबुडे गाळाला वर उचलतात. तोच पेरॉक्साइड सीओडीच्या चाचणीतलं डायक्रोमेटही खातो: दर 1 मिग्रॅमला सुमारे 0.47 मिग्रॅम खोटा सीओडी. लिटरला 600 मिग्रॅम उरला असेल तर 280 फुकटचे.

आता हिशोब. 1 ग्रॅम सीओडीला 2.125 ग्रॅम पेरॉक्साइड ही कागदावरची गरज. तुमच्या एक लिटरला 1.7 ग्रॅम, म्हणजे 50 टक्केवाला साधारण 2.8 मिली. लोह पेरॉक्साइडच्या दहाव्या भागाने धरलं तर हिराकस 0.85 ग्रॅम. इथून सुरुवात करून निम्मा आणि पाऊणपट डोसही लावून बघा, बऱ्याचदा कमीतच भागतं. जास्त पेरॉक्साइड तर घाण जाळणाऱ्या हायड्रॉक्सिल रॅडिकललाच गिळतो.

क्रम: आधी सल्फ्युरिकने पीएच 3 (सोडा अ‍ॅशमुळे फेस येणार, भांडं अर्धं रिकामं ठेवा), मग हिराकस विरघळू द्या, शेवटी पेरॉक्साइड तीन-चार हप्त्यांत. पीएच 4 च्या वर गेला की लोह गाळ होऊन बसतं, काम थांबतं.

ईटीपी_इचलकरंजी: उरलेला पेरॉक्साइड मारायला सल्फाइट चालेल?

जारटेस्ट: नको, जादा झालं की तेच सीओडी वाढवतं. डाय हाऊसमध्ये ब्लीचनंतर वापरता तो पेरॉक्साइड किलर, म्हणजे कॅटालेज, घ्या. मात्र पीएच 7 च्या आसपास आणल्यावरच; 3 ला एन्झाइम मरतं. पेरॉक्साइड मोजायच्या स्ट्रिपवर शून्य दिसल्याशिवाय नमुना लॅबला देऊ नका.

निळीबादली: रंग जाणं म्हणजे सगळं संपलं असं नाही. रंग देणारा अ‍ॅझो बंध झटकन तुटतो, मागे ऑक्झॅलिक, अ‍ॅसेटिकसारखी छोटी आम्लं राहतात आणि ती फेंटनला फारशी दाद देत नाहीत. ती बायोलॉजिकल टाकीत पाठवा. डाईंगला साधं मीठ वापरत असाल तर क्लोराइडही रॅडिकल अडवतं, शिवाय सीओडीच्या चाचणीत गोंधळ घालतं. चाचणीत क्लोराइड बांधणारं मर्क्युरिक सल्फेट पुरेसं टाकलंय का बघा. आणि पेरॉक्साइड व हिराकसचं घट्ट द्रावण एकाच बादलीत कधीच मिसळू नका, उसळून अंगावर येतं. टाकी एफआरपीची (फायबरग्लासची), झाकण हवेशीर.