लॉगिन होताच 'कॅन नॉट फाइंड स्क्रिप्ट फाइल': व्हायरस अजून आत आहे का?

भटकी_खार:
विंडोज १०, ६४-बिट. डेस्कटॉप आला की 'विंडोज स्क्रिप्ट होस्ट'ची चौकट उघडते: 'कॅन नॉट फाइंड स्क्रिप्ट फाइल', पुढे ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरमधल्या एका व्हीबीएस (विंडोजची स्क्रिप्ट) फाइलचा पत्ता. फाइलचं नाव म्हणजे अक्षरांची नुसती खिचडी. ओके दाबलं की मशीन नीट चालतं. झेरॉक्सच्या दुकानात लावलेल्या पेनड्राइव्हवर मात्र सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेत. विंडोजच्याच अँटीव्हायरसच्या, म्हणजे डिफेंडरच्या, क्विक स्कॅनमध्ये काहीच नाही. फॉरमॅट मारावा लागेल का?

सांधेजोड:
फॉरमॅटची घाई नको. स्क्रिप्ट उडाली, पण तिला हाक मारणारी नोंद मागे राहिली, म्हणून ही चौकट येते. बहुधा डिफेंडरनेच फाइल उचलली असेल. त्याच्या 'प्रोटेक्शन हिस्टरी'त तारीख आणि व्हायरसचं नाव बघून ठेवा, पुढे लागेल.

पेनड्राइव्ह काढून ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या टूल-संचातलं ऑटोरन्स (फुकट आहे; आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी दाखवतं) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. इथे हमखास एक चूक होते. यादी लांबलचक दिसते म्हणून लोक 'हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज'वर टिक करतात. स्क्रिप्ट चालवणारी डब्ल्यूस्क्रिप्ट ही मायक्रोसॉफ्टचीच सही असलेली फाइल, त्यामुळे नेमकी हवी ती ओळ लपू शकते. टिक काढा आणि वरच्या फिल्टरमध्ये चौकटीतलं फाइलचं नाव टाका. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे, फाइल नाही. आधी फक्त त्या ओळीपुढची टिक काढून रीस्टार्ट करा, चौकट आली नाही तरच ओळ डिलीट करा.

एक नोंद मिळाली म्हणून थांबू नका. हे व्हायरस युजरची 'रन' की, मशीनची 'रन' की (विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या, लॉगिन होताच चालवायच्या प्रोग्रामांच्या याद्या) आणि स्टार्टअप फोल्डर अशा दोन-तीन ठिकाणी घर करतात. आणि कृपा करून डब्ल्यूस्क्रिप्ट पुसू नका, ती विंडोजची आहे.

भटकी_खार:
दोन्ही 'रन' कींमध्ये एकेक नोंद मिळाली. शिवाय शेड्यूल्ड टास्क्समध्ये तेच नाव, दर काही मिनिटांनी चालणारं. तिन्ही बंद केल्यावर चौकट गेली. आता निर्धास्त राहायचं?

उंबरठा:
नाही. चौकट गेली म्हणजे नोंद गेली, एवढंच. टास्क सापडलंय, तेव्हा डिफेंडरच्या 'एक्सक्लूजन्स'मध्ये तुम्ही न टाकलेला फोल्डर आहे का ते आधी बघा. असला तर काढा, कारण तिथे डिफेंडर ढुंकूनही पाहत नाही. मग स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन रीस्टार्ट होतं, साधारण १५ मिनिटं लागतात, उघडी कामं सेव्ह करा. विंडोज सुरू व्हायच्या आतच तपासणी होत असल्यामुळे व्हायरसला लपणं अवघड जातं.

हिस्टरीत हूडिनी, एच-वर्म किंवा डुनिही असं नाव असेल तर प्रकरण गंभीर आहे. २०१३ पासून माहीत असलेला हा व्हीबीएस किडा शॉर्टकट करून पसरतो आणि बाहेरच्या माणसाला मशीनचा ताबा देतो. बँक आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला. याच मशीनवरून बदललेत तर फायदा नाही.

सांधेजोड:
पेनड्राइव्हवरचं सामान सहसा शाबूत असतं, फक्त लपवलेलं. एकाही शॉर्टकटवर डबलक्लिक नको. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'ॲट्रिब -एच -आर -एस /एस /डी ई:\*.*' द्या (अक्षरं रोमनमध्ये, 'ई'च्या जागी तुमच्या ड्राइव्हचं अक्षर). फोल्डर परत दिसतील, सोबत व्हीबीएस फाइलही. ती आणि शॉर्टकट पुसा, 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या विंडोजच्या फोल्डरला हात लावू नका.

उंबरठा:
हीच चौकट काळ्या स्क्रीनवर आली आणि डेस्कटॉपच उघडला नाही, तर रजिस्ट्रीतल्या 'विनलॉगऑन' कीमधली 'युजरइनिट' (लॉगिननंतर काय चालवायचं ते सांगणारी नोंद) बिघडलेली असू शकते. कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, तिथून रेजएडिट (रजिस्ट्री बदलायचं टूल) चालवा. त्या नोंदीच्या किंमतीत (व्हॅल्यूमध्ये) सिस्टिम३२ मधल्या युजरइनिट फाइलचा पूर्ण पत्ता आणि शेवटी स्वल्पविराम एवढंच हवं. डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा व्हीबीएस दिसलं तर तेवढं काढा. अख्खी किंमत रिकामी केलीत तर पुढच्या वेळी लॉगिनच होणार नाही.