गजकर्ण, उंदीर आणि लॅबमधली कातडी

प्रयोगवही: काल इथे कोणीतरी लिहिलं की लॅबमध्ये माणसाची कातडी वाढवणं ही पैशाची नासाडी आहे, गजकर्णाचा अभ्यास उंदरावर होतोच की. डोकंच फिरलं. अहो उंदराची कातडी पातळ, केस दाट, जखम आकसून भरते. स्टॅफ ऑरियस या कातडीवरच्या जंतूची काही विषं माणसाच्या पांढऱ्या पेशी मारतात आणि उंदराच्या पेशींना काही होत नाही. याउलट ऑपरेशनमधून उरलेल्या कातडीतल्या पेशी कोलॅजनवर (कातडीतलंच प्रथिन) वाढवा, मग वरचं मीडियम, म्हणजे पेशींचं खाद्यपाणी, काढून त्या हवेला उघड्या ठेवा आणि खुराक फक्त खालून द्या, दोनेक आठवड्यांत वर मेलेल्या पेशींचा चिवट थर धरतो. गजकर्णाची बुरशी जगते तीच त्या थरावर!

घाटावरचा: आणि खाज, लाली, सूज? ती प्रतिकारशक्तीच्या पेशींमुळे येते, त्या तुमच्या लॅबमधल्या कातडीच्या बहुतेक मॉडेलांत नसतातच. रक्तवाहिन्याही नाहीत. त्यापेक्षा आधी मेडिकलवाल्यांना आवरा, स्टेरॉइडची मलमं चॉकलेटसारखी विकतात.

औषधी_काका: आमच्यावर कशाला घसरता? 2018 ला ही मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत गेली, चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक रिकामी ट्यूब नाचवत भांडतं आणि शेजारच्या दुकानात जातं. पोट आम्हालाही आहे.

सातारची_सून: पोट आहे म्हणून काहीही विकायचं का काका? माझ्या जावेला जांघेत गजकर्ण झालं, दुकानातून स्टेरॉइड, अँटिबायोटिक, अँटिफंगल असं सगळं एकत्र असलेलं मलम दिलं. आठवड्यात लाली गेली, घरचे खूश, मग कडा पसरत पसरत पोटापर्यंत आल्या. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्यांनीही हटेना. लाजेने बिचारी कोणाशी बोलेना.

औषधी_काका: वाईट झालं. पण तेच मलम डॉक्टरही लिहून देतात, त्यांना विचारा ना कोणीतरी!

प्रयोगवही: गोळ्यांनी न हटणारी बुरशी, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, 2020 ला जपानमध्ये नेपाळी आणि भारतीय पेशंटमध्ये ओळखली गेली. आपल्याकडचाच प्रश्न आहे हा, म्हणून तर मॉडेल हवं.

घाटावरचा: रेझिस्टन्स, म्हणजे बुरशी औषधाला दाद देत नाही हे, साध्या कल्चर प्लेटवर, बुरशी वाढवायच्या बशीत, कळतं. कातडी कशाला?

प्रयोगवही: औषध त्या चिवट थरातून किती आत उतरतं, बुरशी किती खोल जाते, हे प्लेटवर कसं दिसणार? स्टेरॉइडचं म्हणाल तर बरोबर आहे तुमचं, ते प्रतिकारशक्तीच दाबतं, त्यामुळे ते तपासायला प्रतिकारपेशी घालाव्या लागतील. घालतातही लोक, पण अवघड काम आहे.

घाटावरचा: तेवढं मान्य करायला इतका वेळ? बरं, औषध उतरण्याचा मुद्दा पटला. उंदीर मात्र मी सोडणार नाही, अख्खं शरीर लागतंच कुठेतरी.

सातारची_सून: तुमचं चालू द्या, पण ज्यांच्या घरात ते तिहेरी मलम पडलंय त्यांनी आज स्किनच्या डॉक्टरला दाखवा.