लहान मुलांची दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा: आधी चाचणी की आधी शिक्षण?

प्रश्न (जळगाव): माझी नऊ वर्षांची मुलगी खानदेशातील लोकदेवता कानबाईची अहिराणी गाणी ठसक्यात म्हणते. तिला थेट निवडचाचणीस न्यावे की आधी शास्त्रीय गायन शिकवावे?

उत्तर (धुळे): ‘लिटल चॅम्प्स’च्या २००८-०९ च्या पर्वात आळंदीची कार्तिकी गायकवाड विजेती ठरली, तरी मुग्धा, आर्या, प्रथमेश आणि रोहित हेही लोकांच्या स्मरणात राहिले आणि २०२१ मध्ये पाचही जण त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसले. त्यामुळे क्रमांकाची धास्ती नको.

उत्तर (अमळनेर): वाद्यमेळासोबत ठरलेल्या पट्टीत गावे लागते, म्हणून आधी तानपुऱ्यावर सूर पक्का करून घ्यावा. मात्र तिचे अहिराणी वळण पुसू देऊ नका. माझे पुसले गेले, ते अजून सलते.

प्रश्नकर्ती: तानपुऱ्याचे पटले. चाचणी पुढच्या वर्षी पाहू.