एक्सएसएलटीला स्वतःच्या कोडची जोड: जुना स्क्रिप्ट-ब्लॉक नव्या डॉट नेटवर चालत नाही, पर्याय कोणता?

धंतोली_डेव्हलपर

नमस्कार. नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्याच्या अडतदुकानांसाठी हिशोबपट्टी छापणारी एक प्रणाली आम्ही सांभाळतो. मालाची नोंद एक्सएमएलमध्ये (खुणांनी रचलेल्या मजकुराच्या स्वरूपात) येते आणि एक्सएसएलटी १.० (एक्सएमएलचे रूपांतर करणारी भाषा) च्या स्टाइलशीटमधून तिची एचटीएमएल पट्टी तयार होते. हमाली, तोलाई वजा जाता उरलेली रक्कम लाख-कोटीच्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन आकड्यांत आणि त्याखाली ‘अक्षरी रुपये एक लाख त्रेचाळीस हजार पाचशे सदतीस फक्त’ अशी शब्दांत लिहावी लागते. ही दोन्ही कामे स्टाइलशीटच्या आतच, एमएसएक्सएसएल-स्क्रिप्ट या घटकात (स्क्रिप्ट-ब्लॉकमध्ये) लिहिलेली सी-शार्प भाषेतील फंक्शन्स करत असत. आता प्रणाली डॉट नेट ८ वर (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राम चालवण्याच्या मंचावर) नेताना स्टाइलशीट लोड होतानाच ‘प्लॅटफॉर्म नॉट सपोर्टेड’ ही एरर येते. सेटिंग्जमध्ये ‘एनेबल-स्क्रिप्ट’ चालू आहे. हा कोड स्टाइलशीटमध्येच ठेवण्याचा काही मार्ग आहे का, की तो बाहेर काढावाच लागेल?

त्रिमूर्तीनगरकर

बाहेर काढावाच लागेल, आणि माझ्या मते तो आधीपासूनच बाहेर असायला हवा होता. स्क्रिप्ट-ब्लॉक केवळ जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये चालतात. डॉट नेट कोअर आणि त्यापुढच्या आवृत्त्यांतून ती सोय काढून टाकलेली असल्यामुळे सेटिंग कोणतेही ठेवले तरी फरक पडणार नाही. शिवाय अशी स्टाइलशीट दर वेळी लोड केली की आतल्या सी-शार्प कोडची नवी असेंब्ली (कंपाइल केलेल्या कोडचा संच) मेमरीत चढते आणि ती सहजी उतरत नाही. प्रत्येक पट्टीला नव्याने ‘लोड’ करणाऱ्या सर्व्हरची मेमरी दिवसभर वाढत जाण्याचे कारण बहुधा हेच असते.

पर्याय एक्स्टेन्शन ऑब्जेक्टचा. तीच फंक्शन्स एका साध्या सी-शार्प क्लासमध्ये पब्लिक मेथड म्हणून ठेवा, त्या क्लासचा ऑब्जेक्ट ‘एक्सएसएलटी-आर्ग्युमेंट-लिस्ट’मध्ये ‘ॲड-एक्स्टेन्शन-ऑब्जेक्ट’ने एका नेमस्पेस यूआरआयसह (नावांचा गट ओळखणाऱ्या पत्त्यासह) नोंदवा आणि ती यादी ‘ट्रान्सफॉर्म’ला द्या. स्टाइलशीटमध्ये तोच यूआरआय एखाद्या प्रीफिक्सला (नावाआधीच्या छोट्या खुणेला) जोडला की फंक्शनची हाक पूर्वीसारखीच राहते. जुन्या स्क्रिप्टचाच यूआरआय वापरलात तर स्क्रिप्टचा घटक काढून टाकण्यापलीकडे स्टाइलशीटला हात लावावा लागत नाही. यूआरआय मात्र अक्षरशः तोच हवा. शेवटची एक तिरकी रेघ कमी-जास्त झाली तरी लोड सुरळीत होते आणि चूक थेट ट्रान्सफॉर्मच्या वेळी समोर येते. प्रीफिक्सची घोषणा छापील एचटीएमएलमध्ये उतरू नये म्हणून तो ‘एक्सक्लूड-रिझल्ट-प्रीफिक्सेस’मध्ये लिहा.

रकमेबाबत विशेष काळजी घ्यावी. एक्सपाथ १.० मधील (एक्सएसएलटीतील अभिव्यक्तींच्या भाषेतील) प्रत्येक संख्या डबल, म्हणजे दशांश अंदाजे साठवणारी, असते, त्यामुळे पैशांच्या हिशोबात दशांशाच्या शेवटच्या घरात घोळ होऊ शकतो. म्हणून रक्कम ‘स्ट्रिंग()’मध्ये गुंडाळून पाठवा, मेथडचा पॅरामीटर स्ट्रिंग ठेवा आणि आत तिचे डेसिमल (अचूक दशांश संख्या) करा. स्वल्पविरामांसाठी ‘नंबर-ग्रुप-साइझेस’ला ३ आणि २ या किमती दिल्या की १,४३,५३७ असे गट पडतात. देवनागरी अंकांसाठी कोडची गरजच नाही. एक्सपाथचे ‘ट्रान्सलेट()’ ते काम एका ओळीत करते.

अक्षरी रकमेत सूत्र शोधत बसू नका. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आणि एकक जोडून चालते, मराठीत नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक संख्येला स्वतंत्र नाव आहे, तेव्हा सरळ तक्ताच ठेवावा. नेमके शंभर असतील तर ‘शंभर’, पण एकशे एक असतील तर ‘एकशे एक’, हा फरकही तिथेच सांभाळावा.

जावा_विदर्भ

वरील उत्तर डॉट नेटपुरते योग्य आहे. मात्र मूळ अडचण १९९९ च्या १.० आवृत्तीची आहे, हेही लक्षात घ्यावे. २००७ च्या २.० आवृत्तीपासून ‘एक्सएसएल-फंक्शन’ने फंक्शन स्टाइलशीटमध्येच लिहिता येते, दशांश संख्येचा स्वतंत्र प्रकार मिळतो, आणि ‘फॉरमॅट-नंबर’मध्ये लाख-कोटीच्या जागी स्वल्पविराम असलेला नमुना दिला की तो तसाच पाळला जातो. १.० मध्ये नमुन्यातील शेवटच्या गटाचीच लांबी सगळीकडे लागू होत असल्याने आपल्याला १४३,५३७ दिसते. म्हणजे आपली दोन्ही कामे बाहेरच्या कोडशिवाय होऊ शकतात. आमच्याकडे जावावर सॅक्सन हा प्रोसेसर (स्टाइलशीट चालवणारा प्रोग्राम) आहे. त्याच्या खुल्या एचई आवृत्तीतही ‘एक्स्टेन्शन-फंक्शन-डेफिनिशन’ हा क्लास विस्तारून स्वतःची फंक्शन्स नोंदवता येतात, परंतु जावाची मेथड स्टाइलशीटमधून परस्पर नावाने बोलावण्याची सोय सशुल्क आवृत्त्यांतच आहे. डॉट नेटच्या अंगभूत प्रोसेसरला १.० च्या पुढचे काहीच कळत नसल्यामुळे आपल्याला प्रोसेसर बदलावा लागेल. दोन फंक्शनांसाठी तो व्याप करावा की नाही, हे आपणच ठरवा.

धंतोली_डेव्हलपर

दोघांचेही आभार. प्रोसेसर बदलणे सध्या शक्य नाही, म्हणून एक्स्टेन्शन ऑब्जेक्ट जोडला आणि पट्टी व्यवस्थित निघाली. एक शंका उरली आहे. त्याच ऑब्जेक्टमध्ये पट्टीचा अनुक्रमांक ठेवून, फंक्शनला हाक दिली की तो एकाने वाढवावा, असा विचार आहे. तसे करण्यात काही धोका आहे का?

त्रिमूर्तीनगरकर

तसे कृपया करू नये. एक्सएसएलटीमध्ये कोणती अभिव्यक्ती आधी आणि किती वेळा काढली जाईल याची हमी भाषा देत नाही; न वापरलेला व्हेरिएबल प्रोसेसर काढणारही नाही. लोड केलेला ‘एक्सएसएल-कंपाइल्ड-ट्रान्सफॉर्म’ अनेक थ्रेडना (समांतर चालणाऱ्या कामांना) एकाच वेळी वापरता येतो, पण आपल्या ऑब्जेक्टमधील आकडा तितका सुरक्षित नसतो, आणि दोन अडत्यांना एकाच क्रमांकाची पट्टी गेली की हिशोब निस्तरायला आपल्यालाच कळमन्याला जावे लागेल. क्रमांक डेटाबेसमधून आधीच घ्या, ‘ॲड-पॅराम’ने स्टाइलशीटला द्या आणि तिथे ‘एक्सएसएल-पॅराम’ म्हणून वाचा. ऑब्जेक्टमधील फंक्शन्स मात्र अशीच राहू द्या की तीच रक्कम दिली तर कितीही वेळा तेच उत्तर यावे.