बेक केलेले गुलगुले कडक का होतात

गुलगुले तळण्याऐवजी बेक केले की दगड होतात, अशी तक्रार असते. तळणीचंच पीठ ओव्हनमध्ये घातलं तर होणारच! तळताना गुलगुला तेल पितो. ओव्हनच्या कोरड्या हवेत त्याला काहीच मिळत नाही, म्हणून तूप आधीच पिठात हवं. मी २ वाट्या कणकेला पाऊण वाटी गूळ, पाव वाटी पातळ तूप, १ वाटी आंबट दही घेते. आपल्या नागपुरात संत्री आली की किसलेली सालही (फक्त केशरी भाग, पांढरा कडू लागतो).

अर्धा चमचा सोडा अगदी शेवटी. दह्याच्या आंबटपणानं तो लगेच फसफसतो, पीठ ठेवून दिलं की बसतं. तापलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर १५ मिनिटं. सासूबाईंना तळलेलं सोसत नाही, पण सकाळच्या चहाबरोबर हे दोन आवडीनं खातात.